चौथऱ्याला एक फेरी: सातारा सायकलवरून बघताना

साताऱ्यात नवीन राहायला आलेला माणूस आठवड्याभरात विचारतोच, "इथं बघण्यासारखं काय आहे हो?" आपण कास म्हणतो, ठोसेघर म्हणतो, सज्जनगड म्हणतो, आणि तो खुशीत गाडी काढून जातो. पण हे सगळं गावाबाहेरचं झालं. खुद्द गावात आणि गावाच्या कडेला तिकीट नसलेलं, दार नसलेलं जे काही कोरलेलं, घडवलेलं, रंगवलेलं उभं आहे, ते सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं: "ते होय, ते तर रोजच दिसतं."

दिसतं खरं. पण गाडीतून ते काचेमागून सरकून जातं आणि पायी निघालं तर नदीकाठच्या माहुलीपर्यंत जाईस्तोवर ऊन चढतं. मधला उपाय सायकल. म्हणून हा लेख, साताऱ्यात नवीन असलेल्यांसाठी आणि सायकल पुन्हा हातात घेणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. भिंतभर रंगीत चित्रं बघायला निघाला असाल तर इथं थोडी निराशा होईल. स्वच्छतेचे संदेश देणारी चित्रं शाळांच्या, कचेऱ्यांच्या कुंपणांवर आहेत, काही छानही आहेत. पण साताऱ्याची रस्त्यावरची कला मुळात दगडातली, आणि बहुतेक सगळी कुणाच्या ना कुणाच्या आठवणीसाठी केलेली. ती समोरून बघून कळत नाही. मागं जावं लागतं, खाली वाकावं लागतं. माझा नियम साधा आहे: जे काही चौथऱ्यावर उभं आहे, त्याला एक पूर्ण फेरी मारायची. कोनशिला बहुतेक वेळा बाजूला किंवा मागं असते, आणि शिल्पकाराचं नाव असलंच तर पायाशी, बारीक अक्षरात.

आधी सायकल

सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं गाव आहे. इथं सपाट रस्ता म्हणजे दोन चढांमधली विश्रांती. त्यामुळे गिअर असले तर बरं, पण नसले तरी अडत नाही. मी बरीच वर्षं बिनगिअरच्या काळ्या सायकलवर फिरलो आणि चढ आला की उतरून ढकलत गेलो. ढकलताना उलट जास्त दिसतं.

गिअरपेक्षा ब्रेक महत्त्वाचे. निघायच्या आधी दोन्ही ब्रेकचे रबर बघा, झिजले असतील तर गल्लीतल्या दुकानात बदलून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. सोबत पंक्चरचं सामान, छोटा पंप, कुलूप, पाण्याच्या दोन बाटल्या, वही-पेन्सिल आणि एक बॅटरी घ्या. बॅटरी कशाला, ते पुढं सांगतो. बाभळीचे काटे हा इथला कायमचा शत्रू. गावाबाहेर सायकल रस्त्याखाली मातीत उतरवताना आधी जमीन बघायची.

दिवस निवडताना ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि नदीचं पाणी पायऱ्या गिळतं, तेव्हा माहुली लांबूनच. कासला फुलं आली की शनिवार-रविवारी गावातून गाड्यांची रांग लागते. ते दोन दिवस टाळा.

पहिली पायरी: चार भिंती

पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. संध्याकाळी 'चार भिंती' नावाच्या टेकडीवरच्या वास्तूपाशी जा. चढ उभा आहे, सायकल ढकलावी लागली तर लाजू नका. वर पोचलात की अख्खं गाव पायाशी दिसतं: पेठा कशा उतरत गेल्यात, राजवाडा कुठं, पोवई नाका कुठं, पूर्वेला नदीच्या दिशेनं जमीन कशी खाली जाते. नकाशा हातात घेऊन जे तासभर कळत नाही, ते इथं पाच मिनिटांत कळतं. उद्यापासून कुठं पाय मारावे लागणार आणि कुठं नुसतं बसून जायचं, तेही.

ही वास्तू १८३० मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी बांधली. आज ते हुतात्मा स्मारक आहे आणि त्यात मोठं नाव रंगो बापूजी गुप्ते यांचं. इंग्रजांनी १८३९ मध्ये प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं भांडत राहिले. हाती काही लागलं नाही. परत आले, सत्तावन्नच्या धामधुमीत उठावाची जुळवाजुळव केली, आणि मग नाहीसे झाले. ते इंग्रजांना कधीच सापडले नाहीत.

हे नाव वहीत लिहून ठेवा. उद्या लागेल.

दुसरी पायरी: गावातली फेरी

सकाळी साडेसहाला पोवई नाक्यावरून सुरुवात करा. दुकानं उघडायच्या आत फेरी संपली पाहिजे, कारण दहानंतर राजपथावर सायकल चालवणं म्हणजे रिक्षा, दुचाक्या आणि उघडणारी गाड्यांची दारं यांच्यातून जीव वाचवणं. नाक्याखालच्या भुयारी रस्त्यात सायकल घालू नका. वरूनच जा, तुमचं काम वरच आहे.

शिवछत्रपतींचा पुतळा इथला. रोज हजारो माणसं याला वळसा घालतात, पण थांबून बघणारे थोडे. सायकल कडेला लावा आणि नियमाप्रमाणे फेरी मारा. पुतळा बघताना मी तीन गोष्टी बघतो. एक, पाय: वजन कुठल्या पायावर आहे? चांगल्या शिल्पकाराचा माणूस जमिनीवर उभा असतो, कच्च्या शिल्पकाराचा चौथऱ्यावर ठेवलेला वाटतो. दोन, वस्त्राच्या चुण्या: अंगाच्या वळणानं पडल्यात की नुसत्या रेघा ओढल्यात? तीन, नजर: ती कुठं पोचते, तिथं स्वतः जाऊन उभं राहायचं. ही तिसरी गोष्ट गाडीवाल्याला कधी जमायची नाही. हीच तीन परिमाणं गावातल्या प्रत्येक पुतळ्याला लावा आणि मनातल्या मनात मार्क द्या. काही पुतळे नापास होतील. होऊ द्या. माणूस थोर असला म्हणून त्याचा पुतळाही चांगलाच असतो असं नाही.

नाक्याजवळच रयत शिक्षण संस्थेच्या आवारात कर्मवीर भाऊराव पाटलांची समाधी आहे. सायकल फाटकाशी लावा, विचारून आत जा, शांतपणे बघा. संस्थेचं चिन्ह वडाचं झाड आहे हे ध्यानात ठेवलंत तर तो वड पुढं जिल्ह्यात शाळाशाळांच्या दारावर भेटत राहील, कुठं दगडात, कुठं पत्र्यावर रंगवलेला.

इथून राजवाड्याकडे जायला दोन रस्ते आहेत. गावात त्यांना वरचा रस्ता आणि खालचा रस्ता म्हणतात, म्हणजे राजपथ आणि कर्मवीर पथ. एकानं जा, दुसऱ्यानं या. एकेरी वाहतुकीच्या पाट्या सायकललाही लागू असतात, हे आपण सगळेच विसरतो. वाटेत पेठांमध्ये शिरलात तर मान वर ठेवा. हातानं रंगवलेल्या दुकानांच्या जुन्या पाट्या अजून तुरळक शिल्लक आहेत. ओळखायच्या कशा? छापील फ्लेक्सवर एकाच अक्षराची दोन रूपं अगदी जुळी असतात. पेंटरच्या पाटीवर एकाच शब्दातले दोन 'ला' सख्खे भाऊ असतात, जुळे नसतात. अक्षराला एका बाजूनं सावली दिलेली असते आणि खाली उजव्या कोपऱ्यात, गंजाच्या डागाशेजारी, पेंटरचं नाव. शिल्पकारांपेक्षा या पेंटरांनी सही जास्त इमानदारीनं केली आहे.

मोती चौकात कंदी पेढे घ्या, पण खायचे आत्ता नाहीत, माहुलीसाठी ठेवा. (हा सल्ला मी स्वतः एकदाही पाळलेला नाही.)

राजवाड्यासमोर गांधी मैदानात सायकल लावा. वाड्याच्या आतलं लाकूडकाम नेहमी बघायला मिळतंच असं नाही, पण बाहेर उभं राहून एवढं नक्की आठवायचं, की ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथं भरणाऱ्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळे.

आता शेवटचा टप्पा, शाहूपुरीच्या बाजूला गेंडामाळ. इथं येताना गप्पा आपोआप कमी होतात. ८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी सतरा जणांना इथं मारलं: काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या घालून. फाशीचा वड म्हणून ही जागा ओळखली जाते. सतरा जणांत सीताराम गुप्ते होते, रंगो बापूजींचा मुलगा. वही काढा. कालच्या टेकडीवर बापाचं स्मारक बघितलंत, आज उतारावरून येऊन मुलाचं. दोन्हींच्या मध्ये अख्खं गाव आहे. एका सकाळी सायकलवर दोन्ही जागा जोडून बघितल्या तेव्हा ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. तोवर ती दोन वेगळ्या धड्यांतली नावं होती.

तिसरी पायरी: संगम माहुली

गावापासून साधारण पाच किलोमीटर, आणि जाताना जवळजवळ सगळा उतार. बॉम्बे रेस्टॉरंट चौकात महामार्ग ओलांडायचा, तो मात्र सायकलवरून उतरून, ढकलत. पुढं कोरेगाव रस्त्यानं कृष्णानगर, संगमनगर करत खाली. परतीचा हाच रस्ता तुम्हाला घाम काढेल, तेव्हा सगळी शक्ती इथंच संपवू नका. साताऱ्याचं रेल्वे स्टेशनही याच अंगाला आहे. बाहेरगावाहून सायकल घेऊन रेल्वेनं येणाऱ्यांनी गावात न शिरता आधी माहुलीच करावी.

कृष्णा आणि वेण्णा इथं मिळतात. संगमावरचं विश्वेश्वराचं देऊळ १७३५ मध्ये श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलं. सगळं काळ्या पाषाणातलं, समोर दीपमाळ. दीपमाळेला हात लावून बघा: दिवे ठेवायचे दगडी हात बाहेर आलेत, आणि हे सगळे पेटवायला माणूस वर कसा चढत असेल याचा विचार करा. घाटावर पायऱ्या मोजायच्या भरीला पडू नका. खालच्या पायऱ्या नदीच्या मर्जीनं दिसतात.

छत्रपती शाहू महाराज, ज्यांनी किल्ल्याखाली सातारा वसवलं, ते १५ डिसेंबर १७४९ रोजी गेले. त्यांची समाधी इथंच नदीपात्रात आहे. एवढ्या मोठ्या राज्याच्या धन्याची समाधी, आणि पूर आला की पाण्याखाली.

पण मला सगळ्यात आवडते ती खंड्याची समाधी. खंड्या हा शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर येत असताना त्यानं महाराजांना वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, अशी कथा सांगतात. तो मेल्यावर इथं समाधी बांधली. पहिल्या दोन खेपांना मला ती सापडलीच नाही, कारण मी काहीतरी मोठं शोधत होतो. तिसऱ्यांदा घाटावर धुणं धूत असलेल्या एका काकूंना विचारलं. त्यांनी हातातला पिळा न सोडता हनुवटीनं दिशा दाखवली. मी तिच्याच शेजारी सायकल लावून दोनदा पाणी प्यायलो होतो. इथं शोधायला आलात तर नजर गुडघ्याच्या उंचीवर ठेवा.

मग कोरेगाव रस्त्याच्या पुलावरून पलीकडच्या काठावर, क्षेत्र माहुलीत जा. पुलावर थांबून मागं बघितलंत तर विश्वेश्वराचा पूर्ण बाज दिसतो, जो देवळाजवळून दिसत नाही. पलीकडे रामेश्वराचं देऊळ देगावच्या परशुराम नारायण अनगळ या सावकारानं बांधलेलं. हेही नाव लिहून ठेवा. हीच माहुली रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव, ज्यांनी पेशव्याच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं.

दगडाशी कसं वागायचं

आसपासच्या खेड्यांत देवळाच्या पाराशी उभे दगड दिसतील, आडवे कप्पे पाडून कोरलेले. ते वीरगळ, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे. खालून वर वाचायचे. सगळ्यात खाली लढाई किंवा वीर पडलेला, मधे अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती. कोपरातून वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दिसला तर ती सतीशिळा. एकदा वाचायला शिकलात की हे दगड म्हणजे चित्रकथा.

माझी एक चूक सांगतो. एका गावात पाराशी सायकल टेकवून मी चेन बसवत होतो. देवळातून एक म्हाताऱ्या आजी आल्या. म्हणाल्या, "आरं लेकरा, काढ ती सायकल. दगुड न्हवं त्यो, आमचा वीर हाय." सायकल काढली, तर हँडलमागं घोडा दिसला. शेंदराच्या थरानं तोंड बुजलेलं, पण पाय चारही हवेत. आजींनी मग तांब्याभर पाणी दिलं आणि वीर कुठल्या घराण्यातला तेही सांगितलं.

तेव्हा सायकल नेहमी स्टँडवर किंवा झाडाला लावा. अक्षरं वाचायला दगडावर खडू, पीठ, तेल काही चोळू नका. तो दगड खराब करण्याचा उद्योग आहे. पावडरीनं जे दिसतं तेच बॅटरीनं जास्त चांगलं दिसतं: बॅटरी समोरून न धरता दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरायची. तिरक्या उजेडात कोरीव कडांच्या सावल्या पडतात आणि पुसट अक्षर उठून येतं. कोरलेलं साल बहुधा शके असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन.

चौथी पायरी: लिंबची बारा मोटांची विहीर

हे साधारण सोळा किलोमीटर, एका बाजूचं. पहिल्या दोन फेऱ्या अंगवळणी पडल्याशिवाय निघू नका. वाढे फाट्यावरून पुण्याच्या दिशेनं महामार्गाच्या कडेचा सेवा रस्ता धरा. मुख्य रस्त्यावर ट्रकांच्या वाऱ्यानंच सायकल हलते. सेवा रस्ता संपतो तिथं अगदी कडेनं, ओळीत, एकामागं एक. लिंब खिंडीत चढ आहे. पुढं उजवीकडे फाटा लागतो, तिथून शेतातला रस्ता, ऊस, आणि सुटकेचा श्वास.

गावातल्या फेरीला भल्या सकाळी निघा म्हणालो, इथं उलट सांगतो: आठ-साडेआठला निघा. विहीर खोल आहे, ऊन माथ्यावर येईपर्यंत आत उतरत नाही. सकाळी सातला पोचून काळोखात डोळे ताणण्यापेक्षा सावकाश जा.

वरून बघितलंत तर शेतातली विहीर. पायऱ्या उतरायला लागलात की ती वाडा होते. अष्टकोनी, सुमारे ५० फूट व्यास आणि ११० फूट खोली. पायऱ्यांच्या मार्गावर आणि विहिरीच्या तोंडाशी दगडी महाल, त्याच्या खांबांवर कोरीव काम, भिंतीवर शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी. ऐन उन्हाळ्यातही आत गेल्यावर अंगावरचा घाम गार पडतो. वरच्या अंगाला मोटा (बैलांनी पाणी ओढायच्या चामडी पिशव्या) बसवायच्या जागा आहेत, तिथं दोर घासून पडलेले चर शोधा. शिल्पकारानं केलेलं नक्षीकाम एकीकडे आणि बैलांनी वर्षानुवर्षं कोरलेलं दुसरीकडे.

आणि आता बॅटरी. शिलालेखावर बाजूनं उजेड टाका. हे काम शके १६४१ ते १६४६ या काळात झालं, म्हणजे आपल्या हिशेबानं १७१९ ते १७२४, आणि करवून घेणाऱ्या होत्या श्रीमंत विरूबाई भोसले, शाहू महाराजांच्या कुटुंबातल्या. गावातल्या चौकाचौकांत उभे असलेले पुतळे मोजून आलात की एका बाईचं नाव इथं विहिरीच्या दगडावर वाचताना जरा थांबायला होतं.

कठड्यावर बसून फोटो काढू नका. हा सल्ला घरच्यांनी दिल्यासारखा वाटेल, पण खाली पाणी आहे आणि दगड गुळगुळीत झालाय. मुलं बरोबर असतील तर एकानं फक्त मुलांकडे बघायचं. आणि पाणी पिकाला जातं, त्यात काही टाकू नका.

पाचवी, जमली तर: पाटेश्वर

चारही झाल्या आणि पाय अजून वळवळत असले तर एमआयडीसीमार्गे देगाव. सायकल गावात ओळखीनं किंवा दुकानदाराला विचारून लावा, पुढचा डोंगर पायी चढा. वर शिवलिंगं आहेत, एकदोन नव्हे, शेकड्यांनी, आणि एकासारखं दुसरं नाही. काही इतकी विचित्र घडवलीत, की ही लिंगंच आहेत ना असा प्रश्न पडतो. गुहांमधून बसूनच हिंडावं लागतं, तेव्हा बॅटरी पुन्हा कामी येईल. देऊळ बांधणारा सावकार तुमच्या वहीत आधीच आहे: माहुलीच्या रामेश्वराचाच अनगळ. हे त्याचं स्वतःचं गाव.

वर पाण्याच्या भरवशावर राहू नका. दोन्ही बाटल्या देगावातच भरून घ्या.